वेबसाइटवर जाहिराती घेताना सुरुवात कुठून करावी: संत्र्याच्या एका वेबसाइटच्या निमित्ताने

नागपूरच्या मानेवाड्यात राहणाऱ्या एका तरुणाने विचारले आहे की, काटोलजवळ घरची संत्र्याची बाग आहे, स्वतः बुटीबोरीला खासगी नोकरी करतो, वर्षभरापूर्वी संत्रा लागवडीवर मराठीतून वेबसाइट सुरू केली, आतापर्यंत चाळीसेक लेख झाले आहेत आणि महिन्याला वीस हजारांच्या आसपास पेज व्ह्यू येतात, म्हणजे तेवढ्या वेळा पाने उघडली जातात. आता ॲडसेन्स, म्हणजे वेबसाइटवर जाहिराती लावून पैसे देणारी गुगलची सेवा, घ्यावे का, त्यातून किती पैसे मिळतील, ट्रॅफिक (वाचकांची वर्दळ) वाढवून देतो म्हणणाऱ्यांकडून ते विकत घ्यावे का, आणि पुढेमागे नोकरी सोडता येईल का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. नागपूर आणि आसपासच्या लहान वेबसाइटींच्या जाहिरातींचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे, त्या आधारावर सविस्तर उत्तर देतो. विषय संत्र्याचा असला, तरी कापूस, स्पर्धा परीक्षा, ताडोबा-पेंचची सफारी किंवा स्थानिक बातम्या यांवर लिहिणाऱ्यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

आधी थेट उत्तर देतो. ॲडसेन्स जरूर घ्या, पण त्याला उत्पन्नाचा मुख्य आधार मानू नका. वीस हजार पेज व्ह्यू असलेल्या मराठी वेबसाइटला जाहिरातींच्या जाळ्यातून जे मिळते, त्याहून बरीच जास्त रक्कम त्याच वाचकांपर्यंत पोहोचू इच्छिणारे पाच-सहा स्थानिक व्यावसायिक देऊ शकतात, आणि तुमच्या विषयाला तर असे व्यावसायिक काटोल, नरखेड, कळमेश्वरपासून वरुड-मोर्शीपर्यंत पसरलेले आहेत. बहुतेक नवे लोक सगळा वेळ ॲडसेन्सच्या डॅशबोर्डवर घालवतात आणि या व्यावसायिकांच्या दुकानाची पायरी कधी चढतच नाहीत. तुम्ही तसे करू नये, हे मला सर्वांत आधी सांगायचे आहे.

आता ॲडसेन्समधले पैसे कसे तयार होतात ते समजून घ्या, कारण ते समजले की पुढच्या अनेक शंका आपोआप मिटतात. वाचक पान उघडतो त्या क्षणी त्या पानावरच्या जागेसाठी लिलाव होतो, ज्यांना तो वाचक, तो विषय किंवा ते ठिकाण हवे आहे ते बोली लावतात आणि जिंकणाऱ्याची जाहिरात दिसते. पूर्वी प्रकाशकाला, म्हणजे वेबसाइटच्या मालकाला, प्रामुख्याने क्लिकमागे पैसे मिळत, परंतु गुगलने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये बदल जाहीर केला आणि 2024 पासून जाहिरात दिसण्यावर, म्हणजे इम्प्रेशनवर, मोबदला देण्यास सुरुवात केली. जाहिरातदाराच्या बाजूच्या यंत्रणेने आपले शुल्क कापून घेतल्यावर उरलेल्या रकमेचे 80 टक्के प्रकाशकाला मिळतात. जाहिरातदाराने गुगल ॲड्स या गुगलच्याच सेवेतून खरेदी केली असेल तर तिथे सरासरी 15 टक्के कापले जातात, त्यामुळे जाहिरातदाराने खर्च केलेल्या 100 रुपयांपैकी साधारण 68 रुपये तुमच्यापर्यंत येतात. हे प्रमाण पूर्वीही जवळपास एवढेच होते.

तुम्हाला रोज पाहायचा आकडा म्हणजे आरपीएम, अर्थात दर हजार पेज व्ह्यूमागे झालेली कमाई. समजा तुमचा आरपीएम 40 रुपये आहे, तर वीस हजार पेज व्ह्यूंचे महिन्याला 800 रुपये होतील. ॲडसेन्स 100 डॉलर जमा झाल्याशिवाय पैसे पाठवत नाही, आणि 100 डॉलर म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपासची रक्कम धरली, तर पहिली रक्कम हातात यायला सुमारे बारा महिने लागतील. 40 रुपये हा मी केवळ हिशेबासाठी धरलेला आकडा आहे. तुमचा आरपीएम त्याच्या निम्मा किंवा दुप्पटही असू शकतो, आणि तो महिन्यागणिक हलतोच. दसरा-दिवाळीच्या सुमारास जाहिरातदार हात मोकळा सोडतात, जानेवारी लागला की दर खाली येतात, त्यामुळे जानेवारीत कमाई घटली म्हणून वेबसाइटमध्ये काही बिघडले असे समजून घाईने सगळे बदलू नये.

मराठीतील दर इंग्रजीपेक्षा कमी का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ॲडसेन्सने हिंदीला 2014 मध्ये आणि मराठीला 2018 मध्ये मान्यता दिली, म्हणजे मराठीची बाजारपेठ तुलनेने नवी आहे. परंतु खरे कारण असे की, एखाद्या जागेसाठी दहा जण बोली लावत असतील तर भाव चढतो आणि दोघेच असतील तर चढत नाही. मराठी वाचकासाठी मराठीत जाहिरात तयार करून ती मोबाइलवर चालवणारे मोठे जाहिरातदार अजून मोजकेच आहेत. विषयानेही मोठा फरक पडतो. कर्ज, विमा, ट्रॅक्टर, ठिबक सिंचन अशा विषयांवर बोली लावणारे असतात, तर शुभेच्छा संदेश आणि सुविचारांच्या पानांवर वाचक लाखांनी आले तरी मोबदला अगदी किरकोळ राहतो, कारण त्या वाचकाला त्या क्षणी काहीच विकत घ्यायचे नसते. तुमचा विषय या दृष्टीने चांगला आहे. संत्र्याचा बागायतदार वर्षभर रोपे, खते, ठिबकच्या नळ्या, फवारणीचे पंप, क्रेट, वाहतूक अशा कशासाठी ना कशासाठी पैसे मोजत असतो.

अर्ज करण्यापूर्वी वेबसाइट नीट करून घ्या. स्वतःचे डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, असावे, त्याला वर्षाला हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो आणि त्यात काटकसर करण्यासारखे काही नाही. ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’ आणि गोपनीयता धोरण ही तीन पाने हवीत. जाहिरातींसाठी कुकीज (वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठवल्या जाणाऱ्या छोट्या फाइली) वापरल्या जातात हे गोपनीयता धोरणात स्पष्ट लिहिणे ॲडसेन्सच्या अटींनुसार आवश्यक आहे. अर्जदाराचे वय किमान 18 हवे. किती लेख झाल्यावर किंवा किती ट्रॅफिक असल्यावर मान्यता मिळते याबद्दल बरेच आकडे ऐकायला येतात, पण गुगलने अशी कोणतीही किमान संख्या ठरवलेली नाही. अर्ज फेटाळला गेला तर बहुधा ‘कमी मूल्याचा मजकूर’ असे कारण कळवले जाते आणि त्याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की तोच मजकूर इतर शंभर ठिकाणी आधीच उपलब्ध आहे. ‘संत्र्याचे आरोग्यदायी फायदे’ हा लेख तुमच्याकडे असेल तर तो काढून टाका किंवा पूर्ण नव्याने लिहा. त्याच्या जागी आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी) तुमच्या बागेत ताण कधी दिला, म्हणजे पाणी कधी तोडले, कोणत्या जमिनीत तो किती दिवस पुरला, पाणी कसे वाढवत नेले, हे छायाचित्रांसह लिहा. हा मजकूर तुमच्याशिवाय कोणाकडे नाही.

या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण गेल्या काही वर्षांत परिस्थिती बदलली आहे. 2024 च्या ऑगस्टपासून भारतातही गुगलच्या शोधाच्या निकालात वरच्या बाजूला कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर दिसू लागले आहे. ‘मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) म्हणजे काय’ एवढेच विचारणाऱ्याला उत्तर तिथेच मिळते आणि तो तुमच्या पानावर येत नाही. व्याख्या सांगणाऱ्या लेखांवर उभ्या असलेल्या वेबसाइटींना याचा मोठा फटका बसतो. याउलट ‘काटोल भागात यंदा पाऊस लांबला, मृग बहाराची फूट कमी आहे, आता काय करावे’ अशा लेखाला वाचक मिळत राहतो, कारण तो वेळेवर, ठिकाणावर आणि प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेला असतो. सर्च कन्सोल नावाचे गुगलचे मोफत साधन वेबसाइटला जोडले नसेल तर आजच जोडा. वाचक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले हे त्यात दिसते. तुम्ही ‘कोळशी रोगाचे व्यवस्थापन’ असा मथळा दिलेला असतो आणि शेतकऱ्याने शोधलेले असते ‘संत्र्याची पानं काळी पडली’. त्याचे शब्द लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आले पाहिजेत. शास्त्रीय खातरजमेसाठी आपल्या नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिच्या शिफारशी वाचा आणि लेखात त्यांचा उल्लेख करा. औषधाचे प्रमाण ऐकीव माहितीवरून कधीही लिहू नका, कारण एका चुकीच्या आकड्याने कोणाची तरी बाग जाऊ शकते.

आता जाहिरातींच्या जागांकडे वळू. तुमचा वाचक बहुधा बागेत उभा आहे, उन्हात मोबाइलचा पडदा नीट दिसत नाही, नेट संथ आहे आणि त्याला गळून पडलेल्या फळाचे कारण हवे आहे. पान उघडताच त्याला मथळा आणि मजकुराच्या निदान चार ओळी दिसल्या पाहिजेत. पहिला पडदा जाहिरातीने भरला तर तो मागे फिरतो आणि पुन्हा येत नाही. दोन परिच्छेदांनंतर एक जाहिरात, लेख मोठा असेल तर मध्ये एक आणि शेवटी एक, एवढ्यावर सुरुवात करा. 300 बाय 250 पिक्सेल या आकाराला जाहिरातदारांची मागणी सर्वाधिक असते आणि तो मोबाइलवरही नीट बसतो. जाहिरात उशिरा उतरली की मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाचे बोट भलतीकडेच पडते, म्हणून त्या जागेची उंची आधीच राखून ठेवा. गुगल पानाच्या दर्जाचे जे मोजमाप करते त्यात या हलण्याचा आकडा 0.1 पेक्षा कमी आणि मुख्य मजकूर दिसण्याचा वेळ 2.5 सेकंदांच्या आत असावा, अशी अपेक्षा आहे. ऑटो ॲड्स सुरू केल्यास यंत्रणा स्वतःच जागा निवडते. ती सोय नवख्यासाठी ठीक आहे, पण जाहिरातींची संख्या आणि पूर्ण पडदा व्यापणारे प्रकार सेटिंगमध्ये जाऊन मर्यादित करा. फवारणीच्या प्रमाणाच्या तक्त्यात, फोन नंबराला लागून किंवा डाउनलोडच्या बटणाशेजारी जाहिरात ठेवू नका. तिथे चुकून क्लिक पडतात आणि चुकून पडलेले क्लिक ॲडसेन्सच्या नियमांत बसत नाहीत. ॲडसेन्सच्या जागेवर ‘उपयुक्त माहिती’ किंवा ‘आमची शिफारस’ असे शीर्षक देण्यासही मनाई आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम नकारार्थी आहे. ट्रॅफिक विकत घेऊ नका. हजार रुपयांत पन्नास हजार भेटी देतो म्हणणारा माणसे पाठवत नाही, तो यंत्राने पाने उघडतो. गुगलला ते ओळखता येते, महिन्याच्या शेवटी ती कमाई वजा होते आणि प्रकार गंभीर वाटला तर खातेच बंद होते. एका व्यक्तीला एकच ॲडसेन्स खाते मिळते, त्यामुळे बंद झालेल्या खात्यानंतर दुसरे उघडून मार्ग निघत नाही. हाच धोका नातेवाइकांकडूनही असतो आणि तो अधिक सामान्य आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘माझी वेबसाइट बघा आणि जाहिरातीवर क्लिक करा’ असा निरोप जातो, मामा-काका-मित्र प्रेमाने रोज क्लिक करतात आणि त्यात खाते जाते. वेबसाइट जरूर सगळ्यांना दाखवा, मात्र जाहिरातीला हात लावू नये हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, आणि स्वतःही स्वतःच्या जाहिरातीवर कुतूहलापोटीसुद्धा क्लिक करू नका.

येथपर्यंतचे काम घरी बसून होणारे आहे. खरी कमाई ज्यात आहे ते काम बाहेर पडून करावे लागते, आणि त्याची सुरुवात यादीने होते. संत्रा बागायतदारापर्यंत पोहोचण्यासाठी आज कोण पैसे खर्च करत आहे, हे पाहा. काटोल रोडवरचे फलक, शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांची पत्रके, कृषी प्रदर्शनातील दालने, तालुक्याच्या ठिकाणच्या कृषी सेवा केंद्रांचे फ्लेक्स, कळमना बाजारातील क्रेट आणि वाहतुकीच्या व्यावसायिकांची कॅलेंडरे यांवर जे नाव दिसेल ते लिहून घ्या. जो आधीच जाहिरातीवर खर्च करतो त्याला जाहिरातीचे महत्त्व पटवावे लागत नाही, फक्त तुमच्याकडे का यावे एवढेच सांगावे लागते.

अशा दुकानात गेल्यावर काय घडते ते सांगतो, म्हणजे तयारी करून जाल. तुम्ही पेज व्ह्यू, इम्प्रेशन असे बोलू लागता, मालक गिऱ्हाइकाला बिल देता देता ऐकत असतो, आणि मध्येच विचारतो, “ते सगळं ठीक आहे भाऊ, पण मले फोन किती येतीन?” हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर तुमच्याजवळ हवे. म्हणून पहिल्या भेटीत रक्कम मागू नका. त्याच्याकडून एक स्वतंत्र मोबाइल नंबर मागून घ्या, जो फक्त तुमच्या वेबसाइटवरच्या जाहिरातीत छापला जाईल, आणि एक महिना जाहिरात मोफत लावा. महिनाअखेर त्या नंबरावर आलेले फोन आणि व्हॉट्सॲप संदेश मालकाने स्वतः मोजायचे. रोपवाटिकेच्या मालकाला जून-जुलैत असे थोडे जरी फोन आले आणि त्यातल्या एकाने पाच एकरांची कलमे नेली, तरी पुढची बोलणी सोपी होतात. फोन आलेच नाहीत तर ती माहितीही मोलाची आहे. एक तर जाहिरात चुकीच्या पानावर होती, किंवा मोसम चुकला होता, किंवा तुमच्या वाचकांना त्या वस्तूची गरज नाही.

मोसमाचा मुद्दा या धंद्यात फार मोठा आहे आणि तो तुम्हाला शहरातल्या कोणत्याही जाहिरात एजन्सीपेक्षा चांगला कळतो. लागवड पावसाळ्यात होते, म्हणून रोपवाटिकेची जाहिरात मे महिन्यापासून हवी. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, फळगळीची चिंता ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते आणि तोड ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चालते, तर मृग बहाराचा माल फेब्रुवारीनंतर निघतो. ज्या लेखाला ज्या महिन्यात वाचक असतो, त्या महिन्यात त्या लेखाशी जुळणारा जाहिरातदार तिथे असावा. फळगळीच्या लेखावर सूक्ष्म अन्नद्रव्यांचा विक्रेता, तोडणीच्या लेखावर क्रेटवाला, ताणाच्या लेखावर ठिबकवाला, अशी जोडी लावता आली की जागेचा भाव तुम्ही ठरवू शकता. दर हजार व्ह्यूंच्या हिशेबाने सांगू नका, महिन्याची किंवा हंगामाची ठोक रक्कम सांगा, कारण स्थानिक व्यावसायिकाला फ्लेक्स आणि पत्रकांचा हिशेब तसाच करण्याची सवय आहे. दर ठरवताना तो तेवढ्याच पैशात छापील पत्रके किती काढतो आणि ती कोणाच्या हातात पडतात, याच्याशी तुलना करून दाखवा. माझ्या मते तुमच्या आजच्या ट्रॅफिकवर एका हंगामाला दोन ते तीन हजार रुपये मागणे रास्त आहे. असे पाच जण मिळाले तर ॲडसेन्सच्या वर्षभराच्या अंदाजित रकमेहून जास्त रक्कम एका हंगामात येते.

जाहिरातीचे चित्र मात्र तुम्हीच तयार करा. मालक जो फ्लेक्स पाठवेल त्यावर देवाचे छायाचित्र, दोन भागीदारांचे चेहरे, अकरा उत्पादने आणि पाच फोन नंबर असतील आणि मोबाइलच्या पडद्यावर त्यातले एकही अक्षर वाचता येणार नाही. एक छायाचित्र, एक ओळ, एक नंबर आणि गावाचे नाव एवढेच ठेवा. ‘परवानाधारक रोपवाटिका, जंबेरी खुंटावरची संत्रा कलमे, नोंदणी सुरू’ एवढ्या मजकुरावर शेतकरी फोन करतो. चित्राची फाइल हलकी ठेवा, बोट ठेवताच फोन लागेल असा दुवा द्या, आणि वर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक छापा.

‘जाहिरात’ हा शब्द छापण्यात संकोच करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जाहिरातीची शिफारस करणाऱ्यावरही जबाबदारी टाकली आहे. मोबदला घेऊन लिहिलेला मजकूर सामान्य लेख म्हणून छापला आणि शेतकऱ्याचे नुकसान झाले, तर ‘मी फक्त जागा दिली’ असे म्हणून सुटका होत नाही. म्हणून रोपवाटिकेचा परवाना पाहून घ्या, कीटकनाशक असेल तर ते नोंदणीकृत आहे का आणि संत्र्यावर वापरण्याची शिफारस आहे का हे डब्याच्या लेबलावर स्वतः वाचा, आणि ‘एका फवारणीत फळगळ बंद’ असला दावा जाहिरातदाराने कितीही पैसे दिले तरी छापू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात तर 2025 च्या केंद्रीय कायद्याने निषिद्धच केली आहे, त्यामुळे त्यांच्या मोठ्या रकमेच्या ईमेलना उत्तरसुद्धा देऊ नका. ॲडसेन्समधूनही काही संवेदनशील वर्ग बंद करण्याची सोय आहे. झटपट कर्ज आणि चमत्कारी उपचारांच्या जाहिराती तिथून बंद कराव्यात, असे माझे मत आहे. थोडी कमाई कमी होईल, पण तोच शेतकरी पुढच्या हंगामात तुमच्या पानावर विश्वासाने येईल.

दुकानदार आणखी एक मागणी हमखास करेल: वाचकांच्या फोन नंबरांची यादी. तुमच्या प्रश्नोत्तराच्या फॉर्ममधून शेकडो शेतकऱ्यांचे नंबर जमलेले असतात आणि त्यांना चांगली किंमत मिळू शकते, हेही खरे आहे. परंतु त्या शेतकऱ्याने नंबर तुम्हाला सल्ल्यासाठी दिलेला असतो. त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय तो दुसऱ्याला देणे हे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातील संमतीच्या तत्त्वाविरुद्ध आहे, आणि कायदा नसता तरी मी तसे करू दिले नसते. वेबसाइट थोडी नावारूपाला आली की ‘आमचा लेख दुव्यासह छापा, पैसे देतो’ असेही ईमेल येऊ लागतात. हे लोक वाचकांसाठी आलेले नसतात, त्यांना गुगलच्या क्रमवारीसाठी तुमच्याकडून दुवा हवा असतो. पैसे घेऊन दिलेल्या दुव्याला ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण कोडमध्ये लावणे गुगलने 2019 पासून सांगितलेले आहे. ती खूण लावणार म्हटले की यातले बहुतेक जण निघून जातात. त्यांना जाऊ द्यावे.

पैशांच्या व्यवहाराबद्दल थोडक्यात. ॲडसेन्समध्ये 10 डॉलर जमा झाले की पत्ता पडताळणीचा पिन साध्या टपालाने येतो, त्याला दोन ते चार आठवडे लागतात आणि ठरावीक मुदतीत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. मानेवाड्याकडच्या नव्या लेआउटमध्ये पोस्टमनला घर सापडत नाही अशी अडचण असेल तर पत्त्यात प्लॉट क्रमांक, सोसायटीचे नाव आणि जवळची ओळखीची खूण लिहा. खात्यातील नाव आणि बँकेतील नाव तंतोतंत एकच असावे. रक्कम परदेशातून येत असल्याने बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, तो प्रत्येक शाखेला नसतो, तेव्हा शाखेत जाऊन कोणता द्यायचा ते विचारून घ्या. पैसे महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान पाठवले जातात. थेट जाहिरातींचे पैसे रोख घेऊ नका, यूपीआय किंवा बँकेतून घ्या आणि प्रत्येकाला क्रमांकासह बिल द्या. मोठा जाहिरातदार टीडीएस कापू शकतो, ती रक्कम तुमच्या पॅनवर दिसते आणि विवरणपत्रात समायोजित होते. दोन्हीकडची कमाई करपात्र आहे आणि नोकरीच्या पगाराबरोबर ती दाखवावीच लागते. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक 20 लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, पण परदेशातून आलेली रक्कमही या उलाढालीत मोजली जाते. पहिल्याच वर्षी एखाद्या सीएला सगळे कागद दाखवून घ्या. नोकरीच्या करारात बाहेरचे उत्पन्न घेण्यास मनाई आहे का, हेही त्याच वेळी तपासा.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. आज सोडू नका. वेबसाइटचे उत्पन्न कितपत टिकाऊ आहे हे ॲडसेन्सच्या आकड्यावरून कळत नाही, कारण गुगलच्या शोधात एक बदल झाला की ते निम्मे होऊ शकते. ते कळते जाहिरातदाराच्या दुसऱ्या वर्षीच्या बिलावरून. ज्या रोपवाटिकेने यंदा मे महिन्यात जागा घेतली, ती पुढच्या मे महिन्यात तुम्ही न विचारता फोन करते का, ते पाहा. दोन्ही बहारांचे मिळून आठ-दहा व्यावसायिक सलग दोन वर्षे परत आले आणि त्यांची एकत्रित रक्कम तुमच्या घरखर्चाला पुरू लागली, तर त्या वेळी घरच्यांशी बसून विचार करा. तोवर शनिवार-रविवारचा एक दिवस लेखनाला आणि एक दिवस काटोल-नरखेडच्या बाजारपेठेत फिरायला द्या. यंदाच्या रोपवाटिकांच्या जाहिराती हव्या असतील तर एप्रिल संपण्यापूर्वी शेंदुरजनाघाटला एक फेरी झालेली असावी.